न भाजलेला वाफा

आमच्या घरी गांडुळं आली ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून. मी तेव्हा महाडच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्राणिशास्त्राच्या सरांनी कॉलेजच्या मागे सिमेंटच्या दोन टाक्या बांधून घेतल्या होत्या आणि त्यांत लाल गांडुळं सोडली होती. कॅन्टीनमधला भाजीचा कचरा त्यात पडायचा. आम्हाला त्यावर प्रकल्प लिहायचा होता. बाकीच्यांनी फोटो काढले, आकृती काढली आणि वह्या देऊन टाकल्या. मी मात्र सरांच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ उभी राहिले. कोणाकडे काही मागायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. शेवटी म्हटलं, "सर, थोडी घरी नेली तर चालतील का?"

"शेत आहे तुमचं?"

"आहे. पण शेतासाठी नाही. वडिलांसाठी."

सरांनी मान वर करून बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. शिपायाला सांगून ओंजळभर गांडुळं शेणखतासकट त्यांनी डब्यात भरून दिली आणि झाकणाला कर्कटकाने भोकं पाडून दिली.

महाडहून पोलादपूर, पोलादपूरहून कापडे गावाच्या बाजूची दुसरी एसटी, आणि तिथून वाडीपर्यंत चालत. दुसऱ्या गाडीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "श्रीखंड काय गो? सण हाय घरात?"

"नाही. गांडुळं आहेत."

त्या पदर सावरून दुसऱ्या सीटवर गेल्या. तिकडून म्हणाल्या, "शिकलेल्या पोरींचा काय खरा नाय."

घरी आल्यावर ही गोष्ट मी बाबांना सांगितली. बाबा हसले. त्या काळात बाबांना हसवणं सोपं राहिलं नव्हतं.

बाबा आधीच्या फाल्गुनात ऐनाच्या झाडावरून पडले होते. ते झाडावर कशाला चढले होते ते सांगायला हवं, कारण माझ्या वर्गातल्या शहरातल्या मुलींनाही ते मला समजावून सांगावं लागलं होतं. आमच्याकडे भाताची रोपं ज्या वाफ्यात वाढवतात तो वाफा आधी भाजून घेतात. त्याला राब म्हणतात. वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर गवत, सगळ्यांत वर मातीची धूळ. चैत्र-वैशाखात ते पेटवतात. आतल्या आत धुमसत तण जळतं, तणाचं बी जळतं, आणि राख खाली मातीत राहते. मग त्यात भात पेरायचं. या फांद्यांना कवळ म्हणतात. त्या तोडायला माघ-फाल्गुनात माणसं कमरेच्या आकडीला कोयता अडकवून ऐनावर, किंजळीवर चढतात. बाबा वयाच्या पंधराव्या वर्षापासून चढत होते. कवळ सगळी तोडून झाली होती. काकाने खालून सांगितलंही, "दादा, पुरे झाला, उतर." बाबा म्हणाले, "ती एक ऱ्हायली." त्या एका फांदीपाशी पाय निसटला.

मी त्या दिवशी महाडला परीक्षेत होते. पेपर देऊन बाहेर आले तर दारात शेजारचे गुरुजी उभे होते. बाबांना तोपर्यंत मुंबईला नेलं होतं.

दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा कमरेखाली त्यांना काही कळत नव्हतं. हात चांगले होते. मला वाटतं, तेच जास्त कठीण होतं. पडवीत खाटेवर पडलेला माणूस आणि त्याचे ते मोठे, घट्टे पडलेले हात चादरीवर नुसते ठेवलेले. पहिले काही दिवस माणसं येऊन बसायची. मग शेतीची कामं लागली आणि माणसं आपापल्या कामाला गेली. आई शेतात, मी कॉलेजात. बाबा दिवसभर कौलांकडे बघत असायचे. आईने सकाळी ठेवलेली भाकरी संध्याकाळी तशीच असायची. कुशीवर वळवायला गेलं तर म्हणायचे, "राहू दे गो. काय फरक पडतो?" मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं की कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, आणि त्या जखमाच पुढे जीव घेतात. म्हणजे त्यांनी दिवसातून पाच-सहा वेळा हलणं एवढंच हवं होतं. त्यासाठी मी गांडुळं आणली. त्यांना काहीतरी कारण मिळेल असं वाटलं होतं. माझी अक्कल तेवढीच चालली.

काकाने पाण्याचा जुना निळा ड्रम करवतीने उभा कापला. त्याचे दोन अर्धे भाग खाटेच्या दोन बाजूंना दगडांवर ठेवले, काठ खाटेला लागेल असे. तळाला भोकं, त्यावर नारळाच्या सोडणांचा थर, मग अर्धवट वाळलेलं शेण, पाला, आणि वर ओलं गोणपाट. दोन बाजूंना मी मुद्दाम ठेवायला सांगितले. एका बाजूचं बघून झालं की दुसऱ्या बाजूला वळायला लागणार.

बाबांनी पहिल्यांदा एक गांडूळ तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "ही आपली नव्हत."

"नाहीत. ही खत करणारी वेगळी असतात. मातीत खोल जात नाहीत."

"मग आपली काय करतात?"

मला येत होतं तेवढं सांगितलं. ते ऐकत होते. मी कॉलेजात काय शिकते हे त्यांनी त्याआधी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं नव्हे, कसं विचारायचं ते त्यांना माहीत नसावं. आणि मलाही कसं सांगायचं ते माहीत नव्हतं.

काका रोज संध्याकाळी यायचा आणि चेष्टा करायचा. "दादा, पाळायची तर कोंबडी पाळायची. अंडी तरी मिळतात."

"ही पण देतात," बाबा म्हणाले. त्यांनी खतातून मोहरीएवढा पिवळट दाणा दोन बोटांत धरून दाखवला. "ह्यात दोन-तीन पिल्ला असतात. इचार तुझ्या पुतणीला."

"मग आमलेट कर."

बाबा इतके हसले की आई आतून बाहेर आली.

दोन-तीन महिन्यांत गांडुळं कितीतरी वाढली. बाबांचे हात कामाला लागले. शेण ताजं असेल तर त्याची वाफ बाधते, म्हणून ते हाताने चाचपून बघायचे आणि आईला परत पाठवायचे. ओल किती आहे ते मूठ आवळून बघायचे. दोन थेंब गळले तर ठीक, धार लागली तर जास्त, असं सरांनी मला सांगितलं होतं. बाबांना मूठ आवळायचीही गरज उरली नाही, बोट घातलं की कळायचं. कोंबड्या हाकलायला उशाशी शिमटी असायची. कांद्याची सालं, मिरच्यांची देठं आईने चुकून टाकली की ते वेचून काढायचे आणि म्हणायचे, "माझ्या पाव्हण्यांना तिखाट नको घालूस." आई म्हणायची, "पाव्हण्यांचा करता, आणि घरच्यांना कधी विचारलात, तिखट चालता काय?" तयार झालेलं खत आई परसातल्या वांग्यांना आणि अळवाला घालायची. वांगी चांगली लागली. काका एक टोपलीभर घेऊन गेला आणि चेष्टा थांबली नाही तरी कमी झाली.

बाबा कूस बदलत होते. जेवत होते. मला वाटलं, जमलं.

पौषातली गोष्ट. मी खाटेच्या कडेला बसून पाला बारीक करत होते. बाबांनी विचारलं, "तुमच्या पुस्तकात राबाचा काय लिवलाय?"

मी खरं तर थांबायला हवं होतं. पण मला कोणी काही विचारलं, तेही बाबांनी, की मला भरून यायचं. मी सांगत सुटले. पाला जाळला की त्यातलं बरंचसं धुरातून निघून जातं. तोच पाला कुजवला, गांडुळांना दिला, तर मातीत राहतं. तणाचं काय करायचं तेवढा प्रश्न, पण ते आधी पाणी घालून उगवून घेऊन उपटता येतं. काही ठिकाणी न भाजता रोपं करतात. आणि मग कवळ तोडावी लागत नाही.

शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

बाबा ड्रममध्ये हात घालून बसले होते. हात तसाच राहिला. मग म्हणाले, "म्हणजे चढायचा कारणच नव्हता."

"तसं नाही. आपल्याकडे पाऊस वेगळा, माती वेगळी. इथे कोणी करून बघितलेलं नाही."

"नाय बघितला ना? मग बघू."

त्यांनी ठरवलं ते असं. माघात काका दोन्ही घरची कवळ तोडणार होता. आमच्या पाच वाफ्यांपैकी एक वाफा तसाच सोडायचा. त्यावर कवळ नाही, आग नाही, राख नाही. फक्त गांडुळांचं खत. बाकीचे चार नेहमीसारखे भाजायचे. शेजारी शेजारी बी पेरायचं, त्याच दिवशी, तेच बी. आणि बघायचं.

काकाला हे पटलं नाही. "दादा, न भाजलेल्या वाफ्यात तण माजल. लोक हसतील."

"हसू देत. एक वाफा गेला तर तुझ्यातली चार मुठी रोपं दे मला."

"रोपांचा नाय म्हणत मी. पण कशाला?"

बाबा म्हणाले, "मला बघायचाय."

काकाने माझ्याकडे बघितलं. मी पाल्याकडे बघत राहिले.

त्यानंतर ड्रममधलं खत परसात जायचं बंद झालं. बाबांनी सगळं साठवायला सुरुवात केली. पेरणीच्या आधी एकदाच काढायचं, म्हणाले. शेणाचा आणि पाल्याचा नवा थर वर, तयार खत खाली, असं दोन्ही ड्रम काठापर्यंत भरत आले. ते रोज विचारायचे, "पुरल काय एका वाफ्याला?" मी म्हणायचे, पुरेल. त्यांना नक्की काय हवं होतं ते मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही नीट कळत नाही. रोप चांगलं आलं असतं तर त्यांचं पडणं फुकट ठरलं असतं. आलं नसतं तर निदान एवढं कळलं असतं की चढणं भागच होतं. ते कशासाठी वाट बघत होते? मी विचारलं नाही. मला भीती वाटायची.

वैशाखात बाबांना ताप आला. एवढं करूनही पाठीला खालच्या बाजूला एक जखम झाली होती आणि ती आत चिघळत गेली होती. त्यांना महाडला दवाखान्यात ठेवलं. आई तिथे राहिली. माझी परीक्षा संपली होती, म्हणून घर, गुरं आणि गांडुळं माझ्याकडे आली. निघताना रिक्षात आडवं झोपवल्यावर बाबा मला म्हणाले, "ओल बघ. आणि मुंग्यांवर नजर ठेव, ह्या दिसांत येतात."

दुसऱ्याच दिवशी मुंग्या आल्या. तांबड्या, चावऱ्या. गोणपाट उचललं तर एका ड्रमच्या कडेने ओळ लागलेली, आणि एक गांडूळ त्यांनी ओढत बाहेर काढलं होतं. बाबांनी एवढं एकच काम सांगितलं होतं.

आमच्या घरात राख म्हणजे सगळ्यावरचं औषध. वालाच्या बियाण्यात राख, वांग्याच्या पानांवर राख, कोंबडी अंड्यांवर बसवताना टोपलीत राख, उंबऱ्याशी मुंग्या दिसल्या तर राख. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मी बादली घेतली आणि आमच्याच भाजलेल्या राबावर गेले. दोन बादल्या राख आणली. ड्रमच्या भोवती टाकली, काठावर टाकली, आणि मग मुंग्या वरही फिरताना दिसल्या म्हणून वर सगळीकडे चार बोटं जाडीचा थर पसरला. दोन्ही ड्रममध्ये. ओल कमी होऊ नये म्हणून त्यावर तांब्या-तांब्याने पाणी घातलं. मुंग्या गेल्या. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी आईच्या फोनवर मी बाबांना सांगितलं, "मुंग्या आल्या होत्या. घालवल्या."

"गांडुळा?"

"बरी आहेत," मी म्हटलं. मी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गोणपाट उचललं. काही गांडुळं ड्रमच्या काठाला चढून तिथेच वाळली होती, सुतळीच्या तुकड्यांसारखी. मी हात घातला. आत सगळं बुळबुळीत झालं होतं. राखेचं पाणी खालपर्यंत झिरपलं होतं. एकाच ड्रमच्या तळाशी, एका कोपऱ्यात, सोडणांच्या आड थोडी जिवंत सापडली. ती मी एका मडक्यात शेण घालून ठेवली. बाकी दोन्ही ड्रममध्ये काही राहिलं नव्हतं.

राखेच्या पाण्यात तांबडा लिटमस कागद निळा होतो. हे मी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात करून दाखवलं होतं आणि वहीत लिहिलं होतं. सरांनी टाकीपाशी उभं राहून सांगितलंही होतं की राख, चुना घालू नका. ते माझ्या वहीत होतं, परीक्षेत होतं. हातात नव्हतं. हातात आमच्या घरातलं होतं. मी या एका गोष्टीचा नंतर खूप विचार केला. पडवीत बसून मी तेव्हा काय केलं ते लिहीत नाही.

कॉलेजला सुट्टी लागली होती, सर गावी गेले होते. दुसरी गांडुळं आणली असती तरी पेरणीपर्यंतच्या तीन आठवड्यांत त्यांनी काय खत केलं असतं?

बाबा बारा दिवसांनी घरी आले. ते खूप उतरले होते. खाटेवर ठेवल्याबरोबर त्यांनी डावा हात ड्रममध्ये घातला. मी आईला आधीच सांगितलं होतं, पण त्यांना सांगायला माझं तोंड उघडत नव्हतं. त्यांनी बोटं आत फिरवली, बाहेर काढली, एकमेकांवर चोळली.

"राख कोणी घातली?"

"मी," मी म्हणाले.

आई लगेच बोलली, "मीच सांगितला तिला फोनवर. मुंग्या आल्या म्हणून."

तिने सांगितलं नव्हतं. बाबांनाही ते कळलं असणार. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "तू कशाला मधी येतेस?" मग डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं झोपले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाले, "राख घातलीस म्हणजे राबच झाला की गो."

आणि हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. आईने पाठीखाली हात घातला.

"बाबा, मी चाळून काढते. पाण्याने धुऊन..."

"राहू दे, बाय. आता कळायचा नाय."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात तेव्हा काय म्हणायचं असतं ते मला त्या दिवशी समजलं.

तो वाफा तरीही पेरला. दुसरं काय करणार? काकाने दोन्ही ड्रममधलं खत, राख, सगळं त्यात उलटं केलं. पाऊस लागला, बी रुजलं, वाफे हिरवे झाले. मी रोज सकाळी जाऊन बघायचे. न भाजलेल्या वाफ्यात तण जास्त होतं, ते मी बसून उपटत होते. पण रोप आलं होतं. दाट होतं, गडद हिरवं होतं. बाकीच्या चार वाफ्यांच्या शेजारी उभं राहून फरक सांगा म्हटलं असतं तर सांगता आला नसता.

लावणीच्या आधी एक उघडीप मिळाली. त्या दिवशी काकाने बाबांना पाठीवर घेतलं. आई नको म्हणत होती. जखम भरलेली नव्हती. बाबा म्हणाले, "एकदा." काका बांधावरून हळूहळू चालत गेला आणि त्यांचे लोंबते पाय मी मागून धरून होते. वाफ्यापाशी काका गुडघ्यांवर बसला. बाबांनी त्याच्या खांद्यावरून हात लांब केला आणि रोपांच्या शेंड्यांवरून फिरवला.

"दादा, आला बघ तुझा वाफा," काका म्हणाला.

"आला."

"मग? मानला तुझ्या गांडुळांना."

बाबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "आला. पण कशानं आला?"

माझ्याकडे वळून बघावं असं काकाच्या मनात आलं असेल. त्याने बघितलं नाही. एवढा तो चांगला आहे.

बाबा भाद्रपदात गेले. जखमेचं विष रक्तात गेलं, असं डॉक्टर म्हणाले. गांडुळं मेली म्हणून बाबा गेले असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं होईल. जखम आधीपासून होती. पण त्या दिवसानंतर ते पुन्हा कौलांकडे बघत पडून असायचे, आणि कूस बदलायला आम्हा दोघींना धरावं लागायचं, हेही खरं आहे. मडक्यातली थोडीशी गांडुळं मी ड्रममध्ये परत सोडली होती. मी म्हणायचे, बाबा, बघा, वाढतायत. ते हात उचलायचे, काठावर ठेवायचे. आत घालायचे नाहीत.

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. गांडुळं त्या थोड्यांतूनच पुन्हा वाढली. दोन्ही ड्रम आता परसात आंब्याखाली आहेत, पाणी भरलेल्या पसरट भांड्यांत ठेवलेल्या दगडांवर टेकवलेले, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. हे आधीही करता आलं असतं. मी कॉलेजातून आले की हात धुवायच्या आधी त्यांच्याकडे जाते. यंदा मी खत साठवत होते. कशासाठी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

माघात काका पडवीत येऊन बसला. आई वालाच्या शेंगा सोलत होती. काका म्हणाला, "वहिनी, उद्यापासून कवळ तोडायला घेतो. तुमच्या पाचही वाफ्यांची तोडू ना?"

मी आईच्या आधी बोलले. "एक ठेव, काका. यंदा खत पुरेल. राख कुठेच लागू देणार नाही. मी एकटी बघीन सगळं."

आईने शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, दुसरी शेंग घेतली.

"आणि आला तर?" ती म्हणाली.

मला कळलं नाही. "आला तर चांगलंच ना."

"नाय आला तर एक वाफा गेला, त्याचा काय नाय. पण आला तर? मग मी काय करू त्याचा?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. "रोज त्या बांधावरून मला जायचाय, बाय. त्या वाफ्याकडं बघत जाऊ काय, की ते उगाच चढले?"

"पण बाबांना कळायला हवं होतं."

"त्यांना हवा होता. मला नको."

मला राग आला होता, हे मी लपवत नाही. मनात आलं, तुझं नको म्हणजे त्यांचा प्रश्न तसाच राहणार, आणि तो माझ्यामुळे राहिला आहे, तो मला सोडवू दे. पण तो सोडवून मी कोणाला सांगणार होते? सांगायला घरात आईच होती. ऐकायला लागणार होतं ते तिलाच. मला निदान कॉलेज आहे, एसटी आहे, वही आहे. तिला तोच बांध आहे.

काका खाली बघत म्हणाला, "सगळेच भाजू, वहिनी."

"भाजा," आई म्हणाली.

साठवलेलं खत मी दुसऱ्या दिवशी ड्रममधून काढलं. आईने ते वांग्यांच्या मुळाशी घातलं, हाताने, ढेकळं फोडून. म्हणाली, "चांगला झालाय गो." मी हो म्हटलं.

त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. काका कवळ तोडायला वर गेला होता, तिथे गेले. ज्या ऐनावरून बाबा पडले त्यावर आता कोणी चढत नाही. काका शेजारच्या किंजळीवर होता. बराच वर. कोयत्याचा आवाज यायचा, मग फांदी खालच्या फांद्यांवर आपटत आपटत यायची.

"तू कशाला आलीस? आज कॉलेज नाय?"

"आहे. गेले नाही."

"मग वर बघत नको उभी राहूस, डोळ्यांत कचरा जायल. कवळ गोळा कर."

मी वरच बघत राहिले. डोळ्यांत कचरा गेला, तो पुसला आणि पुन्हा वर बघितलं. काका एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर पाय टाकताना मी श्वास घेत नव्हते. शेवटी एक फांदी राहिली होती, त्याच्या हातापासून थोडी लांब. त्याने तिकडे बघितलं, मग खाली माझ्याकडे बघितलं. कोयता आकडीला अडकवला आणि ती तशीच सोडून उतरायला लागला. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले तेव्हा मी वाकले आणि कवळ गोळा करायला सुरुवात केली.